किनाऱ्यावरच्या गावाचं गोडं पाणी: तीस वर्षांचा आराखडा कुठून सुरू करावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मूळचे कराडचे, सध्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका किनारी नगरपंचायतीत पाणीपुरवठ्याचं काम पाहतात. वस्ती वीस हजारांच्या आतबाहेर, दिवाळीत आणि मे महिन्यात पर्यटकांची भर. नळयोजनेच्या तीन विहिरी आहेत, त्यातली खाडीकडची एप्रिल लागला की मचूळ होते, सड्याकडची अजून तग धरून आहे. पुढच्या तीस वर्षांसाठी 'जलस्रोत संरक्षण आराखडा' करायला सांगितलंय आणि टेबलावर तीन प्रस्ताव आलेत: पंधरा नव्या बोअर, सड्याच्या (जांभ्या दगडाच्या पठाराच्या) कुशीला एक छोटं धरण, आणि समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प. यातलं कोणतं निवडावं?

माझी नोकरी भूजलात गेली. बराच काळ कोकणात, शेवटी सांगलीत, आणि निवृत्तीनंतर सांगलीतच राहिलो. त्यामुळे तुमच्या डोक्यात घाटावरचा हिशोब आणि पायाखाली कोकणातली जमीन, ही अडचण मला चांगली ठाऊक आहे. म्हणून जरा लांबण लावून लिहितो.

तिन्हीपैकी एकही आत्ता निवडू नका. ते तिन्ही प्रस्ताव पाणी आणण्याचे आहेत, तुम्हाला काम दिलंय पाणी राखण्याचं. किनाऱ्यावर राखण म्हणजे एकच गोष्ट: कोणत्या विहिरीत कोणता आकडा आला की कोणता पंप कोण बंद करणार, हे सगळ्यांच्या सह्यांनिशी आधी ठरलेलं असणं. आणि ते नोव्हेंबरात ठरलेलं असणं, म्हणजे विहिरी भरलेल्या असतात आणि कुणाचा घसा कोरडा नसतो तेव्हा. मे महिन्यात असला निर्णय कुठलीही नगरपंचायत घेऊ शकत नाही.

आपल्याकडच्या, म्हणजे सातारा-सांगलीच्या माणसाला मीठ माहीत असतं, पण वेगळं. वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यात नदीकाठची काळी रानं क्षारपड झाली ती पाणी जास्त झाल्यानं. उसाला पाणी पाजत राहिलो, निचरा नाही, भूजल वर आलं आणि मीठ घेऊन आलं. तिथं इलाज म्हणजे पातळी खाली नेणं, जमिनीत सच्छिद्र पाइप घालून पाणी काढून देणं. तुमच्याकडं नेमकं उलट. किनाऱ्यावर मीठ येतं ते पातळी खाली गेली म्हणून. सांगलीतून बदली होऊन गेलेला माणूस या एका गोष्टीत हमखास गोंधळतो, कारण 'पाणी उपसलं की मीठ कमी होतं' हे त्यानं घरच्या रानात पाहिलेलं असतं.

किनाऱ्याच्या जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, ताकावर लोण्याचा गोळा तरंगतो तसं. वर दिसतं थोडं, बुडालेलं असतं बरंच. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड. त्यावरून गणित निघतं की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असू शकतं. घायबेन आणि हर्झबर्ग या दोघा अभ्यासकांनी साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी हे स्वतंत्रपणे मांडलं. ते मांडलं वाळूच्या किनाऱ्यासाठी. तुमच्याकडं वर जांभा, खाली काळा कातळ आणि त्यात भेगा, त्यामुळे ४० हा आकडा जसाच्या तसा धरू नका. भेग थेट खाडीला जाऊन मिळाली असेल तर तिथून खारं पाणी गणिताची वाट न पाहता येतं. पण त्याची दिशा पक्की आहे: वरची पातळी थोडी घटली की खालचं खारं पाणी त्याच्या कितीतरी पट वर चढतं. म्हणून विहिरीत पाणी किती फूट आहे याला किनाऱ्यावर फारसा अर्थ नाही. ते समुद्रसपाटीपेक्षा किती उंच आहे, आणि विशेषतः मे अखेरीस किती उंच आहे, हा तुमचा खरा शिल्लक साठा.

किती मीठ पुरतं विहीर बिघडवायला? समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड (मिठाचा मोठा घटक) असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात स्वीकार्य मर्यादा २५० मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १,०००. म्हणजे विहिरीच्या पाण्यात फक्त २ टक्के समुद्र मिसळला की क्लोराइड ३८० च्या पुढं जातं. ५ टक्के मिसळला की हजाराच्या उंबरठ्यावर. चव बदलली म्हणून लोक तक्रार घेऊन येतात तोवर विहीर बऱ्यापैकी हातची गेलेली असते. पुळणीतली (समुद्रकाठची) वाळू दोन-चार चांगल्या पावसाळ्यांत बरीच धुऊन निघते, कोकणच्या पावसाची तेवढी कृपा आहे. कातळाच्या भेगांत शिरलेलं मीठ मात्र सहजी निघत नाही.

आता त्या पंधरा बोअर. किनाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत ६० मीटरची बोअर म्हणजे तिचा तळ समुद्रसपाटीच्या पन्नास-एक मीटर खाली. पहिली एक-दोन वर्षं पाणी छान लागतं, सगळे खूश असतात. मग ती बोअर खालच्या खाऱ्याला वर ओढायची नळी बनते, आणि शेजारच्या उथळ विहिरीही घेऊन बुडते. पाणाड्याला बोलवायचा आग्रह होईलच, त्याला नाही म्हणून भांडण ओढवून घेऊ नका. पण नारळ उभा राहिला तर खाली पाणी आहे एवढंच तो सांगतो, गोडं की खारं हे नारळाला कळत नाही. नवा स्रोत हवाच असेल तर खोल बोअरऐवजी अंतरा-अंतरावर उथळ, रुंद विहिरी घ्या आणि प्रत्येकीतून थोडं थोडं उचला. जुन्या आगरांतल्या विहिरी आठवा. माड-पोफळीचं शिपण रहाटानं चालायचं. रहाट दिवसभर फिरला तरी विहिरीची पातळी फार खाली जात नसे. पाच अश्वशक्तीचा पंप लागला तेव्हा त्याच विहिरी मचूळ व्हायला लागल्या. विहिरी बदलल्या नव्हत्या, उपशाचा वेग बदलला होता.

आराखड्याचं पहिलं वर्ष पूर्ण मोजणीला द्या. हे वाचून वरिष्ठ नाराज होतील, कारण मोजणीचं उद्घाटन करता येत नाही. तरी द्या. गावातल्या आणि आसपासच्या वीस-पंचवीस विहिरी निवडा: काही समुद्राच्या अगदी जवळ, काही खाडीकाठी, काही सड्याच्या पायथ्याला. खासगी आगरांतल्या घ्या, मंदिराची घ्या, वापरात नसलेल्या घ्या; उलट न वापरल्या जाणाऱ्या विहिरी जास्त खरं बोलतात. प्रत्येकीच्या काठावर रंगानं खूण करून त्या खुणेची समुद्रसपाटीपासूनची उंची सर्वेक्षकाकडून काढून घ्या. हे काम एकदाच करायचंय आणि तेच बहुतेक ठिकाणी राहून जातं. मग 'पाणी खुणेखाली ४ मीटर २० सेंटिमीटर' या नोंदीला अर्थ येतो, कारण खूणच समुद्रसपाटीच्या ४ मीटर ८० सेंटिमीटरवर असेल तर तुमच्या हातात फक्त ६० सेंटिमीटर उरलेत.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. जिल्ह्याच्या चित्रासाठी ते ठीक आहे, तुमच्या गावाला पुरणार नाही. ऑक्टोबर ते जानेवारी महिन्यातून एकदा, फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत दर पंधरवड्याला मोजा. पातळीबरोबर विद्युतवाहकता (पाण्यात क्षार वाढले की ती वाढते) मोजायचं हातातलं यंत्र ठेवा; ते काही हजारांत मिळतं आणि नगरपंचायतीचा कोणताही शिपाई एका दुपारी शिकतो. दर महिन्याला निवडक नमुने प्रयोगशाळेत पाठवून क्लोराइड काढा, म्हणजे यंत्राच्या आकड्यावरून क्लोराइडचा अंदाज बांधता येईल. एक पथ्य पाळा: भरती-ओहोटीची वेळ नोंदवल्याशिवाय एकही नोंद घेऊ नका. तुमच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटीत दोन मीटरांहून जास्त फरक पडतो, आणि काठाजवळच्या विहिरी त्याबरोबर श्वास घेतात. एकदा उधाणाला आणि एकदा भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला) मोजलं तर नसलेला बिघाड दिसेल किंवा असलेला लपेल. नमुना विहिरीच्या वरून आणि तळातून असा दोन ठिकाणांहून घ्या. खारेपणा आधी तळाशी दिसतो, वर यायला त्याला वेळ लागतो. तो वेळ हीच तुमची सूचना.

या नोंदींवरून पायऱ्या ठरवा. मी तुमच्या जागी असतो तर सुरुवातीला अशा ठेवल्या असत्या. तळाच्या नमुन्यात क्लोराइड १५० च्या वर सलग दोन पंधरवडे आलं की त्या विहिरीचा उपसा निम्मा, आणि तो अखंड न करता दोन-दोन तास तुकड्यांत. २५० च्या वर गेलं की ती विहीर बंद, तिचा वाटा सड्याखालच्या विहिरीवर, आणि पर्यटकांच्या मोठ्या निवासांचा नळ एक दिवसाआड. मेमध्ये पातळी समुद्रसपाटीच्या अर्ध्या मीटरवर आली की नगरपंचायतीच्या हद्दीतले सगळे खासगी व्यावसायिक उपसे थांबवायची विनंती नव्हे, नोटीस. आकडे तुमच्या पहिल्या वर्षाच्या नोंदी पाहून बदला, मी सांगितलेत म्हणून पवित्र मानू नका. पण ते ठरावात लिहा, कोण अंमल करणार त्याचं पद लिहा, आणि विहिरीवर फळ्याला टांगा. गावातल्या माणसाला आज क्लोराइड किती आहे हे चौकात वाचता आलं, तर तुमचं अर्धं काम तोच करतो. दर पाच वर्षांनी आकडे फेरतपासा. पंपांचं आयुष्य १५ वर्षं आणि बांधकामांचं ३० धरायची पद्धत आहेच, त्यात हे बसवता येतं.

तुमची सड्याकडची विहीर तग धरून आहे ती सड्यामुळे, आणि सडा बहुधा नगरपंचायतीच्या हद्दीत नाही. इथं साताऱ्याचं उदाहरण उपयोगी पडेल. सातारा शहराला कास तलावाचं पाणी येतं, शहरापासून पंचवीसेक किलोमीटर लांबून, उतारानं. कासचं पठार आणि तुमचा सडा एकाच जातीचे: वर जांभा, मातीचा पातळ थर, पावसात भिजून फुलणारा आणि उन्हाळ्यात ओसाड दिसणारा. ओसाड दिसतो म्हणूनच तो कुणालाही मोकळा प्लॉट वाटतो. कास-यवतेश्वर रस्त्यावर हॉटेलं आणि बंगले यांचा वाद वर्षानुवर्षं चालू आहे, तो फक्त फुलांचा वाद नाही. तलावावर उतरणारं पाणी शहर पितं. पण तलाव निदान डोळ्यांना दिसतो, राखायला माणसं उभी राहतात. तुमच्या सड्याखालचं पाणी दिसत नाही, म्हणून तो राखणं जास्त अवघड.

जांभा पाणी पटकन पितो आणि पटकन सोडतो. कोकण किनाऱ्यावर वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या माण-खटावला ५०० च्या आसपास. तरी मार्चात टँकर दोन्हीकडं फिरतो, याचं कोडं आपल्या लोकांना सुटत नाही. सड्यात मुरलेलं पाणी झऱ्यांनी, वहाळांनी (ओढ्यांनी) डिसेंबर-जानेवारीपर्यंत समुद्राला मिळतं. म्हणजे तुम्हाला पाऊस वाढवायचा नाही, त्या पाण्याचा मुक्काम दोन-तीन महिन्यांनी वाढवायचा आहे. त्यासाठी सड्यावरची राई आणि झुडपं टिकणं महत्त्वाचं. जेसीबी लावून सडा सपाट केला, वर मुरूम दाबून बसवला की पाऊस मुरायच्या आधीच वहाळातून निघून जातो. चिरेखाणींबद्दल, म्हणजे जांभा दगड काढायच्या खाणींबद्दल, दोन्ही बाजूंनी अतिशयोक्त बोललं जातं. जुन्या खाणीत पाणी साठवू असं पुढारी म्हणतात. जांभ्यात कोरलेली खाण अस्तराशिवाय पाणी धरत नाही. पण तिथून पाणी मुरतं हेही खरं, आणि खाण वस्तीपासून दूर, कचरा न टाकता ठेवली तर ती पुनर्भरणाला चालते. गावचा कचरा टाकायला जागा म्हणून तीच खाण सुचवली जाईल. तेवढं मात्र काहीही करून अडवा. जांभ्यातल्या पोकळ्यांतून कचऱ्याचं काळं पाणी गाळल्याशिवाय थेट तुमच्या विहिरीत येईल.

हद्दीबाहेरच्या सड्यासाठी शेजारच्या ग्रामपंचायतीशी लेखी करार करा आणि करारात त्यांना काहीतरी द्या: तुमच्या जलवाहिनीवरून त्यांच्या वरच्या वाडीला पाणी, किंवा पाणीपट्टीतून ठरावीक वाटा. फुकटात कुणी तुमच्यासाठी आपला सडा राखणार नाही आणि त्यात त्यांची चूक नाही.

वहाळांवरच्या वनराई आणि विजय बंधाऱ्यांना (पोती किंवा दगड-माती रचून घातलेल्या तात्पुरत्या बांधांना) लोक छायाचित्रापुरते समजतात. वेळेवर घातले तर ते किनाऱ्यावर फार कामाचे. अट एवढीच की ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, वहाळ वाहता असताना झाले पाहिजेत. जानेवारीत श्रमदान करून अडवायला तिथं पाणी उरलेलं नसतं. आणि सगळे बंधारे वरच्या अंगाला बांधायचा मोह टाळा. सर्वांत खालचा, भरती जिथवर चढते त्याच्या लगेच वरचा बंधारा सगळ्यांत मोलाचा, कारण तो गोड्या पाण्याचा दाब नेमका खाऱ्याच्या तोंडावर धरतो.

खाडीचं आणखी एक आहे, वाळूचं. येरळेच्या काठानं खानापूर तालुक्यात काय झालं ते आपल्याकडची मागची पिढी जाणते: नदीतली वाळू गेली आणि काठच्या विहिरी आटल्या, कारण वाळूच पाणी धरून होती. खाडीत वाळू उपसल्यावर आटणं होत नाही, खारं होतं. तळ खोल झाला की भरती पूर्वीपेक्षा आत शिरते आणि काठच्या विहिरींना भिडते. तुमची खाडीकडची विहीर कोणत्या वर्षापासून मचूळ व्हायला लागली आणि खाडीत ड्रेजर कधीपासून आले, ही दोन वर्षं शेजारी शेजारी लिहून बघा. खारबंदिस्ती, म्हणजे खाडीचं पाणी अडवणारा बांध, आणि तिच्या उघाड्या, म्हणजे पाणी सोडायची दारं, हेही तपासा. उघाडीचं दार कुजलेलं असेल तर भरतीचं पाणी खाजणातून (खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीतून) थेट शेतात आणि तिथून विहिरीत येतं. दार बदलणं हे तुमच्या संपूर्ण आराखड्यातलं बहुधा सगळ्यांत स्वस्त काम असेल.

तुमचं गाव वाशिष्ठीच्या खोऱ्यात असेल, तर एक सातारकर म्हणून हे तुम्हाला ठाऊक हवंच. कोयनेचं पाणी पाटण तालुक्यातल्या धरणातून बोगद्यांनी पश्चिमेला वळतं, वीज करून अवजल म्हणून वाशिष्ठीत येतं आणि दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळतं. कृष्णा लवादानं वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली. उन्हाळ्यात वाशिष्ठी वाहती दिसते ती या अवजलामुळे, आणि तोच प्रवाह खाडीचं खारं पाणी मागं रेटून धरतो. पण तो तुमच्या हातात नाही. त्याच धरणाकडं टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या उपसा योजनांचेही डोळे लागलेले असतात, आणि टंचाईच्या वर्षी वीज आधी की शेती आधी हे तुमच्या नगरपंचायतीला कुणी विचारत नाही. टर्बाइन काही दिवस थांबले तर खारं पाणी खाडीतून कुठवर चढतं हे नोंदवून ठेवा, आणि अवजल हा आराखड्यात आधार न धरता जोड म्हणून धरा.

मैल्याकडं किनाऱ्यावरची गावं शेवटी वळतात. मी तो आधी घेईन. शेरी नाल्याचं सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. शहराचं सांडपाणी कृष्णेत आणि कृष्णेतूनच शहराचं पिणं, हा तिढा इतक्या वर्षांत पुरता सुटलेला नाही. तुमच्याकडं नाला दिसणार नाही, कारण घरोघरी शोषखड्डे आहेत आणि जांभा सगळं गिळतो. शोषखड्डा विहिरीपासून पंधरा-अठरा मीटरवर असावा हा पुस्तकी नियम मातीसाठी आहे. जांभ्याच्या पोकळ्यांत तो फसतो. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या पुढं गेलेलं दिसलं की समजा, क्लोराइडमागं समुद्र एकटाच नाही, आपणही आहोत. हे मुद्दाम सांगतो, कारण मैल्यातही क्लोराइड असतं आणि त्याचा दोष समुद्राला देऊन मोकळं होणं सोपं असतं. विहिरींच्या वरच्या अंगाला नव्या निवासांना शोषखड्डा नको, बंद टाकी आणि मैला उपसणारी गाडी, एवढं एक कलम बांधकाम परवानगीत घाला.

मागणीच्या बाजूचं लवकर आटोपतो. रात्री दोन ते चार सगळ्या झडपा उघड्या ठेवून टाकीची पातळी किती उतरते ते मोजा. त्या वेळी गाव झोपलेलं असतं, उतरलेलं पाणी म्हणजे गळती. जोवर हा आकडा तुमच्याकडं नाही तोवर माणशी १३५ लिटरच्या हिशोबानं नव्या योजनेची मागणी करू नका. आणि छपरावरचं पाणी: १०० चौरस मीटर छपरावर ३ हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे ३ लाख लिटर. ऐकायला मोठं वाटतं, पण ते चार महिन्यांत येतं आणि आठ महिने पुरवायचं असतं. तेवढी टाकी कोण बांधणार? उलट हिशोब करा. पाच माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाला माणशी १० लिटर, जानेवारी ते मे १५० दिवस, म्हणजे ७,५०० लिटर. १० हजार लिटरची झाकलेली टाकी घरपट्टीतल्या सवलतीनं होऊ शकते. मग विहीर महिनाभर मचूळ झाली तरी गाव प्यायला मोताद होत नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, ते आपण पाहिलं आहे. कोकणात तुमच्या गावापर्यंत तशी गाडी येणार नाही.

आता धरण आणि समुद्रपाणी. धरणाला माझा तत्त्वतः विरोध नाही, पण जागा पाहताना जांभ्यावर बसवू नका, काळ्या कातळावर बसतंय का ते भोकं पाडून खात्री करा, आणि देखभालीचा खर्च पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात दाखवा. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं. छोटं धरण हे छोटी जबाबदारी नसतं.

समुद्राचं पाणी गोडं करायला हजार लिटरला साधारण ३ ते ४ युनिट वीज लागते. दिवसाला १० लाख लिटर म्हणजे साडेतीन हजार युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर रोजचे २८ हजार फक्त विजेचे, मीठ गाळणारे पडदे बदलणं, माणसं, दुरुस्ती वेगळी. चेन्नईला मिंजूर आणि नेम्मेलीचे प्रकल्प परवडतात कारण पाठीमागं महानगराची पाणीपट्टी आहे. शिवाय १०० लिटरमधून साधारण ४० लिटर गोडं निघतं, उरलेलं ६० लिटर समुद्राहून दीडपट-पावणेदोनपट खारं. ते खाडीच्या मुखाशी सोडलं तर तिसऱ्या-कालवं (शिंपले) वेचणाऱ्या बायका आधी तुमच्या दारात येतील, आणि त्यांचं बरोबर असेल. हा पर्याय आराखड्यात शेवटच्या पानावर ठेवा: इतर सगळं करूनही मेमधली पातळी सलग काही वर्षं घसरत राहिली तर.

समुद्र वर चढण्याचं भय तुमच्या सभांत फार बोललं जाईल. सध्याच्या वेगानं, म्हणजे वर्षाला ३-४ मिलिमीटर धरून, तीस वर्षांत दहा-बारा सेंटिमीटर. हे दुर्लक्ष करण्याजोगं नाही. पण चुकीच्या जागचा एक पंप एका उन्हाळ्यात पातळी मीटरभर उतरवतो, आधी तो. वादळाची तयारी मात्र आजचीच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर तुमच्या उत्तरेकडच्या पट्ट्यात कित्येक गावांत आठवडे वीज नव्हती, आणि वीज नाही म्हणजे पाणी नाही. निदान एक विहीर अशी राखा जिचं पाणी उतारानं गावात येईल. पंपघर पुराच्या आणि उधाणाच्या रेषेच्या वर बांधा. २०१९ ला आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा सांगलीत चारी बाजूंनी पाणी होतं आणि प्यायचं पाणी बाहेरून आणावं लागत होतं.

कायद्याचा आधार तुमच्याकडं आहे, तो वापरा. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा २०१४ पासून लागू आहे आणि सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीवर त्यात बंधन आहे. सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) नियमांत भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपशाला मनाई आहे, स्थानिक वस्तीच्या स्वतःच्या गरजेचा अपवाद सोडून. तुमचे तिन्ही स्रोत अधिसूचित आहेत का, ते आधी तपासा. नसतील तर नोटिशीला वजन राहणार नाही. रिसॉर्टच्या बोअर भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी नोंदवून घ्या, मीटरसह. नंतर कुणी दाखवत नाही.

विहिरींची निवड करून खुणांच्या उंच्या काढून झाल्या की यादी नकाशासह पाठवा, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या नोंदी त्यासोबत. भरतीची वेळ लिहिलेली असू द्या. नुसतं 'काठापासून इतके मीटर' असं आलं तर त्यावरून मला काहीच सांगता येणार नाही.